लिव्हर सिरोसिसच्या रुग्णासाठी घरच्यांनी नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, दारूमुळे लिव्हर सिरोसिस (म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होऊन त्याचं काम कमी होत जाणं), आठ महिन्यांपासून दारू बंद. दोनदा पोटातलं पाणी काढावं लागलं आणि एकदा रात्री बरळायला लागले म्हणून कराडला अ‍ॅडमिट केलं होतं. घरी आई, भाऊ आणि वहिनी, तुम्ही ठाण्याला. आई दिवसभर त्यांच्या मागे असते, भाऊ खिसे तपासतो, वहिनी अळणी जेवण करते आणि ते ताट सरकवतात. तुम्ही रोज फोनवरून सूचना देता. बाबा म्हणतात, ‘मला घरातच कैदी करून ठेवलंय.’ घरच्यांनी किती लक्ष घालायचं आणि कुठे थांबायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मला वाटतं तुमच्याकडे लक्ष कमी पडत नाही आणि जास्तही होत नाही. ते चुकीच्या जागी लागलंय. चौघंही दारूवर पहारा देताहेत, पण वजन किती वाढलं, शौचाला किती वेळा झालं, रात्रीची झोप कशी आहे, हे तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात कुठेच नाही. आमच्यासारख्या डॉक्टरांना रुग्ण महिन्या-दोन महिन्यांतून दहा-पंधरा मिनिटं दिसतो. मधल्या दिवसांत आजार कुठल्या दिशेने चाललाय हे फक्त घरच्यांना दिसू शकतं. तिथे तुमची खरी गरज आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पोटात पाणी आणि भ्रम दोन्ही होऊन गेलंय, म्हणजे आजार पुढच्या टप्प्यात आहे. ज्याचा सिरोसिस नुसता सोनोग्राफीत सापडलाय आणि जो रोज कामावर जातोय, त्याच्या घरच्यांना यातलं निम्मंही करावं लागत नाही. बाबांना मधुमेह आहे का, किडनी कशी आहे, रक्तातलं सोडियम किती आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे गोळ्यांचे डोस मी सांगणार नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. एक मात्र आशेने सांगते. दारू खरोखर बंद राहिली तर या टप्प्यावरचे काही रुग्णसुद्धा काही महिन्यांत बरेच सावरतात, पोटातलं पाणी आटोक्यात येतं, गोळ्या कमी होतात. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, पण होतं, आणि ते मी पाहिलंय.

आता सुरुवात तुमच्या आईंपासून.

ओपीडीत नेहमी दिसणारं दृश्य असं: फाइल घेऊन मुलगा समोरच्या खुर्चीत बसतो, रुग्ण शेजारी, आणि आई पिशवी धरून दाराशी उभी. सगळं बोलणं मुलाशी होतं. अशाच एका भेटीत मुलाने मला सांगितलं, ‘तब्येत एकदम चांगली आहे.’ मी दाराशी उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, ‘मावशी, रात्री झोपतात का नीट?’ त्या आधी मुलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दिवसभर झोपतात आणि रात्री टक्क जागे. परवा सदऱ्याची बटणं खालीवर लावली होती. आणि देवघराच्या कोपऱ्यात लघवीला बसले. मी कुणाला बोलले नाही, बरं दिसत नाही.’ मी रुग्णाला दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितले. पंजे फडफडत होते. त्यांना भ्रमाचा त्रास सुरू झाला होता आणि घरात ते ओळखायची पहिली संधी ज्या माणसाला होती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हा भ्रम का होतो ते आईंना समजावून सांगा. आतड्यात तयार होणारे अमोनियासारखे पदार्थ लिव्हर गाळू शकत नाही, ते रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात. सुरुवात फार बारीक असते. झोपेची वेळ उलटी होते, माणूस विनाकारण चिडतो, बोलताना शब्द अडखळतात, सही वेडीवाकडी येते, मोबाइलवर रोजचा नंबर लावता येत नाही. अशा वेळी ‘मुद्दाम करताय का?’ म्हणून भांडण करून काही मिळत नाही, कारण उद्या त्यांना यातलं आठवणारही नसतं. घरात करता येण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे: एका मिनिटात जेवढ्या प्राण्यांची नावं येतील तेवढी सांगायची. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. दहाच्या आत अडकले तर शंका घ्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं. घरात लहान मूल असेल तर खेळ म्हणून होऊन जातं, बाबांनाही अपमान वाटत नाही.

भ्रम बहुतेक वेळा कशामुळे तरी उठतो. बद्धकोष्ठ, ताप किंवा जंतुसंसर्ग, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होणं, लघवीची गोळी जास्त होणं, पोटात रक्तस्राव, झोपेची गोळी. म्हणून ते गोड पातळ औषध, लॅक्टुलोज, इतकं महत्त्वाचं आहे. त्याचं माप चमच्यांत नाही, शौचात आहे: दिवसातून दोन-तीन वेळा सैल व्हायला हवं. एकदाच झालं तर औषध कमी पडतंय. पाण्यासारखं चार-पाच वेळा झालं तर जास्त होतंय, आणि त्यानेही अंगातलं पाणी कमी होऊन भ्रम वाढतो. अशा वेळी फोन करून डोस कमी करून घ्या. हे विचारायला घरात लाज वाटते. त्यामुळे हे काम बाबांचं स्वतःचं ठेवा. संडासच्या दाराजवळ कॅलेंडर टांगा, त्यांनी तारखेवर रेघ मारायची. रोज सासऱ्यांना ‘झाली का?’ विचारण्याची पाळी वहिनींवर येऊ नये. आणखी एक. लग्नाला किंवा तपासणीला एसटीने जायचं असलं की वाटेत अडचण नको म्हणून लोक आदल्या रात्रीपासून हे औषध बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी गुंगीत जातात. प्रवासाच्या दिवशी डोसची वेळ मागेपुढे कशी करायची ते आधीच विचारून ठेवा, पण औषध चुकवू नका.

वजनाचं काम भावाला द्या. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर. वहीत तारीख आणि आकडा, बस. आठवड्यात दोन किलो वाढलं तर पोटात पाणी साठतंय, तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. उलट लघवीच्या गोळ्यांनी रोज किलोभराहून जास्त उतरत असेल तर तेही कळवायचं, कारण किडनीवर ताण येतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लघवीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी विचारायचं. खिसे तपासण्यापेक्षा भावाचा हा वेळ कितीतरी जास्त कारणी लागेल. आणि काट्यावर उभं राहणाऱ्या माणसाला आपल्यावर संशय घेतला जातोय असं वाटत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे मला तुमच्या घराची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ताट परत जातंय.

आपल्याकडे लिव्हर म्हटलं की कावीळ, आणि कावीळ म्हटलं की तेल-तूप बंद, हळद बंद, डाळ बंद, उसाचा रस सुरू. सिरोसिसच्या माणसाचं या पथ्याने नुकसान होतं. लिव्हरमधला साखरेचा साठा आटलेला असतो, त्यामुळे रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. निरोगी माणसाच्या शरीरात जे दोन-तीन दिवसांच्या कडक उपासाने होतं, ते इथे एका रात्रीत होतं. पोट फुगलेलं असल्यामुळे काट्यावर आकडा भरपूर दिसतो. दंड आणि कानशिलं बघा, म्हणजे माणूस किती वाळलाय ते कळेल. म्हणून दर तीन-चार तासांनी काहीतरी, आणि झोपताना आठवणीने खाणं. दूध-भाकरी, राजगिऱ्याचा लाडू, सातूचं पीठ, केळं-दूध, जे आवडेल ते. मधुमेह असेल तर आहारतज्ज्ञांकडून वेगळी यादी घ्या, पण झोपतानाचं खाणं तेव्हाही ठेवायचं. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपास आता बाबांनी धरायचे नाहीत. हे आईंनी सांगितलं तर ते ऐकतील.

प्रथिनं बंद करायचा सल्ला जुना झाला. पोटातलं पाणी वगळून जे खरं वजन उरतं, त्याच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. भाकरी आणि पातळ आमटीवर हा आकडा गाठता येत नाही. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, मासे. भ्रम होऊन गेलाय म्हणून डाळ तोडू नका. डाळी, दूध-दही अशा रुग्णांना सहसा चांगले सोसतात.

मिठाचं पथ्य पोटात पाणी असलेल्यांसाठी आहे आणि ते खरं आहे, पण म्हणून जेवण सपक अळणी करायची गरज नाही. दिवसाला साधारण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक लहान चमचा, सगळं मिळून. वहिनींना सांगा, सकाळीच तेवढं मीठ एका वाटीत काढून ठेवायचं, बाबांच्या जेवणात जे पडेल ते त्यातलंच. बरीच घरं भाजीत मीठ टाकत नाहीत आणि सोबत पापड, लोणचं, फरसाण देतात. सगळा हिशोब तिथेच चुकतो. आमसूल, लिंबू, लसूण, जिरं, कोथिंबीर, भाजलेलं सुकं खोबरं यांनी चव येते. सैंधवही मीठच आहे, ते चालतं हा गैरसमज आहे. खायचा सोडा आणि ॲसिडिटीवर घेतात ती फसफसणारी पावडर यांतही भरपूर सोडियम असतं. आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. एवढं करूनही ताट परत येत असेल तर मी मिठाला थोडी ढील देते. दोन घास पोटात जाणं माझ्या लेखी जास्त मोलाचं आहे. हेच डॉक्टरांशी बोलून घ्या. पाणी मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका. सोडियम फार उतरलं असेल तरच आम्ही ते सांगतो.

औषधांत घरच्यांचं मोठं काम म्हणजे बाहेरची औषधं घरात येऊ न देणं. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइडची गोळी या रुग्णात किडनी बंद पाडू शकते, रक्तस्राव घडवू शकते. पॅरासिटामॉल बेताच्या डोसमध्ये चालतं, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, तेही विचारून. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी तर मुळीच नको. काढ्यांबद्दल नातेवाइकांना वाईट वाटलं तरी स्पष्ट सांगते. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञ बघून घेतील. सिरोसिस झालेल्या लिव्हरवर कुठलाही काढा, भस्म, चूर्ण करून बघायची वेळ आता नाही.

दारूबद्दल. आठ महिने सोडलीय ही छोटी गोष्ट नाही, आणि घरात कुणीतरी ती मोठ्याने बोलून दाखवली पाहिजे. खिसे तपासल्याने ज्याला प्यायची आहे तो थांबत नाही. ज्याने खरंच सोडलीय तो दुखावतो, आणि मग ‘तसंही चोरच समजता’ म्हणून पुन्हा धरतो. भावाने हे थांबवावं आणि बाबांशी समोरासमोर एकच ठराव करावा: पुन्हा घेतली तर लपवायची नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं, आणि घरात त्यावर तमाशा होणार नाही. घरात बाकी कुणी पीत असेल तर त्याने निदान घरात पिऊ नये. आणि ‘न सांगता जेवणातून द्या, दारू सुटेल’ अशा जाहिरातींच्या पुड्यांपासून लांब राहा. त्यात काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, आणि दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं डायसल्फिराम त्यात असलं तर ते लिव्हरलाच घातक आहे. त्यांना न कळवता दिलेलं औषध म्हणजे विश्वासही गेला आणि जीवही धोक्यात. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी रुग्ण अजून रोज पीत असेल, तर ती घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय कापणं, झटके, भास हे जिवावर बेतू शकतं, दवाखान्यात देखरेखीखाली सोडवा. व्यसनाच्या बाजूसाठी पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, आणि अल-अनॉनच्या सभा खास व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी असतात. तिथे आईंना घेऊन जा. बाबांना नाही, आईंना.

कारण ‘आई रडकुंडीला आली आहे’ हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. नवऱ्याची दारू वीस-पंचवीस वर्षं सोसून आता त्याच माणसाची शुश्रूषा करताना मनात राग येणं साहजिक आहे, आणि तो राग कुणापुढे बोलता येत नाही म्हणून जास्त पोखरतो. त्यांची रात्रीची झोप होतेय का ते बघा. भ्रमाच्या दिवसांत भावाने आणि आईंनी रात्र वाटून घ्यावी. त्यांच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, हे तुम्ही ठाण्याहूनही विचारू शकता. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं.

तुमचं काम म्हणजे रोजच्या सूचना बंद करणं आणि तारखा सांभाळणं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण सिरोसिसमध्ये लिव्हरच्या कॅन्सरचा धोका असतो आणि लवकर सापडला तर उपाय असतात. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी कधी झाली, पुढची कधी, ते लिहून ठेवा. सगळे रिपोर्ट फोटो काढून तारखेप्रमाणे एका जागी लावा. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार गावी जाऊन आईंना माहेरी किंवा बहिणीकडे पाठवा, आणि त्या दोन दिवसांत बाबांचं सगळं तुम्ही करा. फोनवर बाबांशी बोलताना शेतीचं, गावचं बोला. आजाराचं बोलणं आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी पुरे.

या सगळ्यात बाबा कुठे आहेत? तुमच्या लिखाणावरून वाटतं की आजाराचं नाव त्यांना नीट सांगितलेलंच नाही. घाबरतील म्हणून लपवलं जातं, मी समजू शकते. पण आपल्याला काय झालंय हे ज्याला माहीत नाही, त्याला प्रत्येक पथ्य ही शिक्षा वाटते. त्यांच्या डॉक्टरांना सांगा की त्यांच्याशी थेट बोला, आणि घरच्यांना काय सांगायचं, कुणाला सांगायचं हेही त्यांनाच विचारा. डोकं शांत आणि जागेवर असताना त्यांच्याकडूनच दोन-तीन गोष्टी ठरवून घ्या: भ्रमाची लक्षणं दिसली तर मोटारसायकलची किल्ली कुणाकडे द्यायची, विहिरीवर एकट्याने जायचं नाही, बँकेचे कागद तेव्हा सही करायचे नाहीत, आणि आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा. त्यांनी स्वतः ठरवलेलं असलं की वेळ आल्यावर किल्ली मागताना झटापट होत नाही.

लिव्हर बदलण्याचा विषय नातेवाईक आत्ताच काढत असतील. त्याची गरज आणि वेळ प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात एकदा दाखवून समजून घ्यावी, हे मी लवकरच सुचवते. पण कोण देणार यावर आत्ताच घरात बैठक बसवू नका. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. दात्याची इच्छा खरी आहे का हे केंद्रात तपासलं जातं. बायको किंवा मुलगी म्हणून ‘द्यायलाच हवं’ असा दबाव घरात तयार होतो, तो तुमच्यावर येऊ देऊ नका.

दारू हे कारण पक्कं असलं तरी हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झालीय का ते बघा. जुलै २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून ही तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. बी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लस. दाढीचं ब्लेड, टूथब्रश वेगळं. ताट-वाटी वेगळी करायची गरज नसते.

थांबायचं नाही अशा वेळा घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, गुंगी किंवा बरळणं, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, लघवी एकदम कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर उजाडायची वाट न बघता १०८ किंवा ओळखीची गाडी, आणि रिपोर्टची पिशवी सोबत. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते घरी बसून ठरवू नका.

पुढच्या तपासणीला आईंना खुर्चीत बसवा आणि भावाने मागे उभं राहावं. वजनाची वही आणि संडासच्या दाराजवळचं कॅलेंडर सोबत न्या. विचारायचं ते कागदावर लिहून जा: लॅक्टुलोज कमी-जास्त आम्ही घरी किती करू शकतो, कुठल्या वजनाला तुम्हाला फोन करायचा, दुर्बिणीची पुढची तारीख कुठली, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर नंबर कुणाचा लावायचा.